थेंब घातले, पण पडले का?

गेल्या दिवाळीपर्यंत मी आजीला दोनदा ओरडले होते. दोन्ही वेळा मला वाटलं होतं, माझंच बरोबर आहे.

आजी नसरापूरला राहते. तिला काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक थेंब, आणि तेही कायमचं. बाटली बोटाएवढी. अडीच मिली, म्हणजे साधारण ऐंशी थेंब. महिन्याला साठ लागतात, तरी आजीची बाटली वीस दिवसांत संपायची. पुण्याहून औषध मी घेऊन जायचे, पैसे माझे. म्हणून पहिल्यांदा ओरडले, "आजी, औषध आहे ते, पाणी नाही. जरा जपून वापर की."

तिने जपून वापरलं. बाटली महिनाभर पुरायला लागली, मग दीड महिना. मला बरं वाटलं. पुढच्या तपासणीत डोळ्यातला दाब वाढलेला निघाला आणि बाजूची नजर आणखी कमी झालेली. "औषधात हयगय होतेय," डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात मी दुसऱ्यांदा ओरडले. ती काहीच बोलली नाही.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि लख्ख दिसायला लागलं, तसं इथे होत नाही. थेंब फक्त दाब कमी ठेवतात, उरलेली नजर राखतात. बरं, हा आजार बहुतेकदा दुखत नाही, जाणवतही नाही. आधी कडेची नजर जाते आणि मेंदू ती रिकामी जागा आपल्या अंदाजाने भरून टाकतो. बनेश्वरची वाट आजीला पाठ आहे, त्यामुळे देवळात ती आरामात जाऊन येते. बाजारपेठेत मात्र बाजूने येणारी दुचाकी अगदी अंगावर येईपर्यंत तिला कळत नाही.

दिवाळीत मी तिला थेंब घालताना पहिल्यांदा पाहिलं. औषध सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

ती खाटेच्या कडेवर बसली. मान मागे टाकायचा प्रयत्न केला, पण ती अर्ध्यावरच अडली. थरथरत्या हाताने बाटली डोळ्यावर धरली. बोटांत जोर नाही, म्हणून दोन्ही हातांनी दाबली. पापणी मिटली आणि थेंब गालावर. पदराने गाल पुसला. दुसरा भुवईवर. मग थांबली, बाटली उजेडात धरून पाहिली आणि झाकण लावलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं म्हणायचं. डोळ्यात पडलं का गालावर, ते मला कुठं दिसतंय? आन तूच म्हणलीस ना, जपून वापर."

"काकूला का नाही सांगत?"

"दिवसभर राबून ती आडवी झालेली असती. तुझा काका शिरवळला शिफ्टला. रोज रोज कुणाला उठवू?"

म्हणजे बाटली लवकर संपत होती ती नेम चुकत होता म्हणून. मी ओरडल्यावर तिने नेम चुकला तरी दुसरा थेंब घ्यायचं सोडलं, काही रात्री औषधच सोडलं. आणि त्याबद्दलही मीच ओरडले. मधल्या काळात जी नजर गेली, त्यात माझा वाटा किती, हे कुठल्याही तपासणीत निघणार नाही.

कान्टच्या नावाने ओळखलं जाणारं एक तत्त्व आहे: 'अमुक केलं पाहिजे' असं म्हणण्यात 'ते करता येतं' हे गृहीत असतं. जे जमणारच नाही, त्याचा दोष कुणाला देता येत नाही. वाचायला हे किती उघड वाटतं! पण घरात आपण नेमकं उलट करतो. काम झालं नाही, एवढंच दिसतं. ते जमत होतं का, हे बघायला कुणी उठत नाही. 'हयगय' म्हटलं की प्रश्न माणसाच्या स्वभावाचा होतो आणि आपली सुटका होते.

आजी एकटी नव्हे. अमेरिकेत काचबिंदूच्या रुग्णांचं थेंब घालतानाचं चित्रीकरण करून पाहिलं, तेव्हा आपल्याला नीट जमतं असं सांगणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांचे थेंब डोळ्यात पडत नव्हते, किंवा बाटलीचं टोक डोळ्याला टेकत होतं. ती बाटली स्थिर हात, वळणारी मान आणि दिसणारा डोळा गृहीत धरून बनलेली असते. औषध मात्र ज्याचं हे सगळं थकत चाललंय त्याचं.

मग मी थेंब घालायचं साधन मागवलं. साधं प्लास्टिकचं आहे. बाटली त्यात अडकवायची, त्याची वाटी डोळ्यावर टेकवायची. एक कड खालची पापणी ओढून धरते. बारीक भोकातून वर बघायचं, म्हणजे बाटलीचं टोक समोर दिसत नाही आणि पापणी कमी मिटते. हाताला टेकू मिळाला की थरथरही कमी होते.

आठवड्याने आजी म्हणाली, अजून एखादा थेंब चुकतोच. माझ्या तोंडावर आलं होतं, "आता तर साधन आहे, आता काय अडचण?" कसंबसं आवरलं. साधन हातात दिलं की आपलं कर्तव्य संपलं आणि तिची सबबही संपली, असं मीच मनात धरलं होतं. म्हणजे कालपर्यंत बाटली पुढे करून ओरडत होते, आज साधन पुढे करून ओरडणार होते. बाटली दाबायला बोटांत जोर लागतो, तो हे साधन देत नाही. मी पुन्हा शनिवारी गेले आणि बघत बसले. आता ती आडवी पडून घालते, आणि बोटं फारच दुखत असतील त्या रात्री काकूला हाक मारते. काकूशी मी बोलले. तिला हे माहीतच नव्हतं.

रोज रात्री फोन करते. आधी विचारायचे, "थेंब घातलेस का?" आता विचारते, "पडले का?" बाटली फ्रिजमध्ये ठेवायला डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं, त्यामुळे तिला डोळ्यात पडलेलं कळतं.

काल म्हणाली, "उजव्यात गार लागलं. डावा गालावर गेला. थांब, दुसरा घालते."

मी फोन धरून थांबले.