एका शब्दावर उठू नये

हल्ली मोबाईलवर शब्दकोड्यांचा मोठा सुकाळ झाला आहे. त्यांतले एक कोडे विचार करण्याजोगे आहे. लिंक्डइन हे नोकरी-धंद्याच्या मंडळींचे संकेतस्थळ. तेथे मे २०२४ पासून 'पिनपॉइंट' नावाचे कोडे रोज एक याप्रमाणे देतात. रीत सोपी. आधी एकच शब्द दाखवायचा, त्याचा वर्ग तुम्ही ओळखायचा. चुकलात की दुसरा शब्द, पुन्हा चुकलात की तिसरा; असे पाच. पाचांना ओवणारा धागा जितका लवकर सापडेल तितका बरा.

ते कोडे इंग्रजीत असते. आपण मराठीत मांडून पाहू. पहिला शब्द आला, 'पान'. एक गडी म्हणाला, विडा! (टाळकऱ्यांतले निम्मे हेच म्हणतील.) चुकले. दुसरा शब्द, 'बांधणी'. झाले, विडा डोक्यात बसलेला. तो म्हणतो, विडासुद्धा बांधतातच की! तिसरा, 'पुठ्ठा'. तरी गडी हटत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात विडे नेतात म्हणे. मग 'ओळ' आली, शेवटी 'अध्याय'. अहो, हा तर ग्रंथ! 'पान' पहिल्यापासून तेच होते, त्याचे अक्षरही हलले नाही. आपण त्याला चिकटवलेला अर्थ तेवढा सोडायचा होता, आणि तेच जड गेले.

आमच्या शास्त्रकारांनी याचा खल फार पूर्वी केला आहे. जेवताना कोणी 'सैंधव आण' म्हणाला तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना म्हणाला तर घोडा. भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थ ठरविण्याची साधनेच मोजून दिली आहेत: संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी. 'हरि' शब्द घ्या. अमरकोश त्याचे अर्थ सांगतो विष्णू, इंद्र, सूर्य, चंद्र, वारा, सिंह, घोडा, पोपट, साप, वानर, आणि बेडूकसुद्धा! पण शेजारी शंखचक्र आले की बेडूक उडी मारून पळाला. हा संयोग. 'राम' या शब्दाजवळ लक्ष्मण आला तर तो दाशरथी, हे साहचर्य. आणि 'रामार्जुन' म्हटले तर वैर आठवून परशुराम व सहस्रार्जुन घ्यावे, हा विरोध.

आता कोणी म्हणेल, बुवा, हे पंडितांचे. आम्हा वारकऱ्यांना काय त्याचे? अहो, सर्वांत जास्त गरज आपल्यालाच. अभंगाचा एक चरण तोडायचा, मोबाईलवरून शंभर जणांना पाठवायचा, आणि त्यावरून गावात दोन तट पाडायचे, हे आता नित्याचे झाले आहे.

भवानीला साकडे घालणाऱ्या सुनेचे नाथांचे भारूड तुम्ही ऐकले असेल. ती एकेक माणूस काढून टाकायला सांगते. सासरा नको. सासू नको. जाऊ, नणंदेचे पोर. इथवर हे घरचे भांडणच वाटते, आणि श्रोते पोट धरून हसतात. मग ती दादलाही देवीला देऊ करते! येथे शहाणा श्रोता चपापतो. नवऱ्याविना कसला संसार मागते ही? शेवटच्या चरणात उलगडा: सगळेच जावे, आपण एकटीच उरावे. म्हणजे हे सासर नव्हे. जीवाला घेरून बसलेला गोतावळा आहे, आणि मागणे वैराग्याचे आहे. मग मागे वळून सासऱ्यापासून पुन्हा मोजणी करावी लागते.

पण सासूपाशीच मनसोक्त हसून उठून जाणारे श्रोते मी पुष्कळ पाहिले आहेत. सुना तर फारच खुशीत जातात.