कॅसलरॉकची झडती

वाचावयाचा भाग: प्रेषितांची कृत्ये १५:३६–४१, १६:६–१०



त्रोवसात रात्री पौलाला दृष्टांत झाला आणि त्या मंडळींनी लागलीच मासेदोनियाची वाट धरली. या उताऱ्यावर आपण तत्परतेविषयी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. मला मात्र सोबत्यांविषयी बोलावयाचे आहे. पौलाबरोबर त्या वेळी सीला होता, बर्णबा नव्हता. का नव्हता, ते आधीचा अध्याय सांगतो. मार्कावरून त्या दोघांत इतके बिनसले की जुने सहकारी दोन दिशांना गेले.

काही वर्षांपूर्वी मी कोल्हापूरच्या एका लहान कारखान्यात हिशेब आणि नोंदी पाहत असे. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी फोन आला. आमच्याकडून नेलेला जनरेटर कॅसलरॉकला बंद पडला होता. मालक म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही आत्ताच निघा. आणि बाकी वसूल करायला हेही येतील."

माझ्या पोटात गोळा आला. दोन महिन्यांपूर्वी मी वहीत एक माप चुकीचे लिहिले होते. त्यावरून केलेला माल वाया गेला, ठपका मिस्त्रींवर आला आणि त्यांचा पगार कापला गेला. मी गप्प बसलो. त्याच आठवड्यात शब्बाथशाळेत मुलांना आखानाचा धडा शिकविला, तंबूत पुरून ठेवलेल्या लुटीचा. मुलांनी उत्तरे चांगली दिली.

सुमारे दोनशे किलोमीटरची वाट. निपाणी, बेळगाव, खानापूर. जीप मिस्त्रीच चालवीत होते. मी डबा न घेताच निघालो होतो. खानापुरात त्यांनी फडके सोडले, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा माझ्यापुढे केला. मिस्त्री आपल्या मंडळीचे नव्हेत. तो तुकडा मला गिळवेना. लोंढ्यानंतर रामनगरला गोव्याचा रस्ता सोडून आम्ही जंगलात वळलो.

कॅसलरॉकला पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. उजाडेपर्यंत काम होणे नव्हते, म्हणून स्टेशनच्या छपराखाली बसलो. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्यापूर्वी हे सरहद्दीचे ठाणे होते. अलीकडे आपला मुलूख, पलीकडे पोर्तुगीजांचा. गाडी येथे थांबे आणि जकातवाले प्रवाशांच्या पेट्या उघडून पाहत. मिस्त्रींच्या वडिलांनी अशी झडती दिली होती. "तळाशी काय आहे तेच आधी विचारायचे," मिस्त्री हसून म्हणाले. ते सहज बोलले. मी मात्र मान वर केली नाही.

इतक्यात घाटातून एक मालगाडी वर आली. कुळ्यापासून येथवर सदतीस फुटांना एक फूट असा उभा चढ आहे. म्हणून खाली कुळ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात आणि वर येथे सोडतात. ती सुटताना आम्ही पाहत होतो. मिस्त्री म्हणाले, "मागच्या ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही हो. तरी ढकलत येतो बिचारा."

मग मी बोललो. माप, वही, सगळे. बोलून झाल्यावर पावसाखेरीज काही ऐकू येत नव्हते.

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "वही मी त्याच दिवशी पाहिली होती."

"मग मालकांना का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो." थोड्या वेळाने म्हणाले, "राग आला होता. नाही असं नाही."

शिक्षक बंधूंनो, दुसरे तीमथ्य ४:११ काढून पाहा. कैदेत पडलेला वृद्ध पौल मार्कालाच घेऊन ये म्हणून लिहितो. तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणतो. ज्याच्यापायी बर्णबा तुटला, तोच मार्क! मधल्या वर्षांत कोण कोणाकडे आधी गेला, कोणी आधी तोंड उघडले, हे शास्त्र सांगत नाही. पण कोणीतरी गेले असलेच पाहिजे. नुसता काळ लोटल्याने असे होत नाही. माझे तर दोन महिन्यांत झाले नव्हते, आणि मालकांनी एका जीपमध्ये बसविले नसते तर पुढेही झाले नसते. आपण एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षे स्तोत्रे गातो. एका जीपमध्ये रात्र काढायची वेळ सहसा येत नाही.

सकाळी जनरेटर दोन तासांत सुरू झाला. बाकी अर्धीच मिळाली.

परत आल्यावर मी वही घेऊन मालकांच्या खोलीत गेलो. पाय जड झाले होते. कापलेला पगार माझ्याकडून वळता करावा, असे सांगत असताना मागे वळून पाहिले, तो मिस्त्री हात पुसत दाराशी उभे होते.