बिल शून्य आले तरी

आखाती देशांतील कमाईवर कोकणात उभ्या राहिलेल्या काही नव्या घरांच्या अंगणात आता जलतरण तलावही दिसतो. अशाच एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी जुमाच्या नमाजनंतर विचारले, "मौलवीसाहेब, कमाई हलाल आहे, विजेचे बिल वेळेवर भरतो. मग तलावाचा पंप रात्रंदिवस चालला तर इसराफ कसला?"

पोहणे जायज आहे, प्रकृतीस हितकरही आहे. पाणी गाळले नाही तर शेवाळ आणि डास होतात, म्हणून पंपही गरजेचाच. प्रश्न गरज भागल्यानंतरच्या तासांचा आहे. एक अश्वशक्तीचा पंप ताशी साधारण एक युनिट वीज घेतो. आठ तासांत पाणी स्वच्छ होत असेल, तर उरलेल्या सोळा तासांची महिन्याला सुमारे ४८० युनिटे कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत.

इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात एक रिवायत आहे. हजरत सअद (र.) वुजूत जास्त पाणी वापरत असताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यास इसराफ म्हटले. वुजूतही इसराफ असतो काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा वाहत्या नदीकाठीही तो असतो, असे उत्तर मिळाले. नदीच्या पाण्याचे दाम पडत नाहीत. म्हणजे इसराफ दामाने नव्हे, गरजेने मोजला जातो.

यावर ते म्हणाले, "पण लवकरच सौर पॅनल बसवणार आहे. मग बिल शून्य!"

मी म्हटले, "हाजीसाहेब, तीच तुमची नदी."

शिवाय नेट मीटर असेल तर छतावरची उरलेली वीज ग्रिडमध्ये जाते, दुसऱ्याच्या घरी पोहोचते आणि तेवढा कोळसा जळायचा वाचतो. विनाकारण चाललेला पंप ती वाट अडवतो.

याचा अर्थ कंजूषी करावी असा नाही. सूरह फुरकानमध्ये (२५:६७) उधळपट्टी आणि कृपणता यांमधला मार्ग सांगितला आहे. तलाव असू द्यावा, पंप गरजेपुरता चालवावा.

हा हिशेब त्यांच्या एकट्याचा नाही. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीएवढ्या पाण्यात वुजू करीत. आपल्या मशिदीत एकेका वुजूला बादलीभर पाणी वाहते, आणि ते टाकीत चढवणारा पंपही विजेवरच चालतो. सूरह तकासुरच्या शेवटी प्रत्येक नेअमतीबद्दल विचारणा होईल असे बजावले आहे. तेथे भरलेल्या बिलाची पावती चालणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांस नेअमतीची कदर करण्याची तौफिक देवो. आमीन.