शेषाचे ऋण

वस्तू वापरून झाल्यावर जे उरते त्याचे दायित्व कोणाचे, हा प्रश्न आज पर्यावरण-धोरणाचा म्हणून मांडला जातो आणि त्याचे उत्तर अधिसूचना, मायक्रॉन व दंड यांच्या भाषेत शोधले जाते; परंतु उपभोग आणि परतफेड यांचे नाते काय असावे हा मुळात धर्मविचाराचा प्रश्न आहे आणि भारतीय परंपरेने त्यावर फार पूर्वीच निःसंदिग्ध भूमिका घेतलेली आहे. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात प्राणिमात्र अन्नापासून, अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून होतो असे सांगून या साखळीला चक्र म्हटले आहे, आणि जो या चक्रातून घेतो पण परत काहीच देत नाही त्याला चोर ठरवले आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या व साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या प्रवचनांत यज्ञाचा अर्थ होमहवनापुरता न ठेवता, माणसाच्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणारे कर्म असा केला. चक्रीय अर्थव्यवस्था, म्हणजे वस्तू टाकून न देता तिचे द्रव्य पुन्हा पुन्हा वापरात आणणारी उत्पादनव्यवस्था, हिला याहून भक्कम नैतिक आधार शोधावा लागू नये.

मालवणच्या किनाऱ्यावर ही परतफेड ग्रंथ न वाचताही पाळली गेली आहे. पावसाळ्यात समुद्राला मोकळे सोडायचे आणि नारळी पौर्णिमेला त्याला नारळ अर्पण करून पुन्हा मासेमारीला निघायचे, या रिवाजात श्रद्धा आणि माशांच्या विणीचा काळ राखण्याचे शहाणपण वेगळे काढता येत नाही. शासनाची १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीवरील बंदी त्याच शहाणपणाला कायद्याचे रूप देते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे लांब जाळे, हिच्यातील मासळीची वाटणीही ठरलेल्या हिश्श्यांनी होते. आज त्याच जाळ्यात म्हावऱ्याबरोबर पिशव्या, बाटल्या आणि खाऊची रिकामी पाकिटे येतात, आणि त्यांचा हिस्सा कोणाच्या नावे धरायचा याचा नियम मात्र कोणत्याही रिवाजात नाही.

कर्मसिद्धान्ताची खरी अडचण इथे सुरू होते. जो करतो तोच भोगतो, या गृहीतकावर तो सिद्धान्त उभा आहे. पण पाकीट तयार करणारा कारखाना एकीकडे, त्यातला खाऊ खाणारा पर्यटक दुसरीकडे आणि ते जाळ्यातून सोडवत बसणारा रापणकार तिसरीकडे, अशी स्थिती झाली की कर्ता आणि भोक्ता यांची गाठच सुटते. त्यातही बहुस्तरीय वेष्टन, म्हणजे प्लॅस्टिकच्या थरांमध्ये अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा चिकटवून केलेले आवरण, हे या सुटलेल्या गाठीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे, कारण त्याचे थर वेगळे करणे परवडत नाही आणि म्हणून ते भंगारवालाही उचलत नाही. केळीचे पान किंवा पत्रावळ जेवणानंतर मातीत जात असे. या पाकिटाला बाजारात किंमत नाही आणि मातीतही जागा नाही.

कायद्याने हे ओळखले नाही असे नाही. केंद्राच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय वेष्टन दोन वर्षांत बंद करण्यास सांगितले होते, पण २०१८ च्या दुरुस्तीत ज्यापासून ऊर्जा मिळवता येते किंवा ज्याचा अन्य काही उपयोग होतो त्याला सूट मिळाली आणि नियमाची धारच गेली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतावा-किंमत छापण्याची तरतूद केली होती. ती व्यवहारात रुजली नाही. २०२२ मध्ये आलेल्या विस्तारित उत्पादक दायित्वाच्या चौकटीने, म्हणजे विक्रीनंतरही वेष्टनाची जबाबदारी उत्पादकावर ठेवणाऱ्या व्यवस्थेने, उत्पादकाला पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेऊन आपले दायित्व पुरे करण्याची मुभा दिली. ऋणाच्या दृष्टीने पाहिले तर हा दोष गंभीर आहे: मालवणजवळच्या देवबागच्या वाळूत पडलेल्या पाकिटाचे देणे दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात फिटल्याचे मानले जाते, तर धर्मशास्त्रात ज्याचे घेतले त्याला दिल्यावाचून ऋण फिटत नाही.

मालवणच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगर परिषदेने मागील दशकात कचऱ्याचे घरोघरी काटेकोर वर्गीकरण करून, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस मिळवून आणि प्लॅस्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरून आपल्या कचराभूमीचे पर्यटनस्थळ केले. तिथल्या नागरिकांनी आणि सफाई कामगारांनी जे साधले ते खरोखर थोर आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तरीही रस्त्यात गेलेले पाकीट पुन्हा पाकीट होत नाही, केंद्राची चौकटसुद्धा अशा वापराला पुनर्प्रक्रिया न म्हणता अंतिम विल्हेवाट म्हणते, आणि ती विल्हेवाट लावण्याचा भार ज्या शहराने ते पाकीट बनवले नाही त्या शहरावर पडतो.

सिंधुदुर्गात सामूहिक शिस्तीची उणीव आहे, असे कोणी म्हणू नये. आचऱ्याची गावपळण पाहावी: ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्यांसह वेशीबाहेर राहायला जातो, तीन दिवस गावात चूल पेटत नाही, आणि हे काही वर्षांच्या अंतराने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. देवाच्या शब्दावर घर मोकळे करणारा समाज वेष्टनाविषयीची शिस्तही पाळू शकेल यात शंका नाही, आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेसारख्या लाखोंच्या मेळ्यात ओटीचे सामान प्लॅस्टिकच्या आवरणाशिवाय विकले जावे असा आग्रह देवस्थानांनी धरणे उचितच ठरेल. पण इथेच एक धोका आहे. भाविकाच्या सवयी सुधारणे सोपे दिसते म्हणून सगळा उपदेश त्यालाच केला जातो. गीतेतला चोरीचा आरोप मात्र घेऊन परत न देणाऱ्यावर आहे, आणि वेष्टनाच्या व्यवहारात सर्वाधिक घेणारा तो आहे ज्याला स्वस्त आवरणामुळे दूरच्या बाजारात माल पोहोचवून नफा मिळवता आला. न्याय्य धोरणाची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी.

अशा धोरणाचे रूप ठेव-परतावा योजनेत दिसते. वस्तू घेताना ग्राहक थोडी अनामत भरतो, रिकामे वेष्टन परत केल्यावर ती त्याला मिळते, आणि परत आलेले द्रव्य पुन्हा वापरात आणण्याचा खर्च उत्पादक उचलतो. तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून मद्याच्या बाटलीवर १० रुपये अशी अनामत घेतली जाऊ लागली आणि शेजारच्या गोव्याने २०२४ मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. मालवणात अशा योजनेला एक नैसर्गिक सोय आहे: सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारा पर्यटक धक्क्यावरून होडीनेच जातो आणि होडीनेच परततो, त्यामुळे जाताना नेलेली बाटली येताना परत आली की नाही हे तिथे पाहता येते. किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य असल्यामुळे तिथे याची सुरुवात करण्याला कायद्याचे बळही मिळू शकेल.

यानंतरही एक शेष उरतोच, तो म्हणजे आधीच समुद्रात गेलेला, कोणाचा हे ठरवता न येणारा कचरा. पितृतर्पणात ज्यांना नाव घेऊन पाणी देणारे कोणी उरले नाही अशांसाठीही एक ओंजळ सोडली जाते. म्हणजे वारस नसला तरी कर्तव्य संपत नाही आणि ते उपस्थितांकडे येते, हे परंपरेने मान्य केले आहे. त्याच न्यायाने निनावी कचऱ्याचा भार वेष्टन बाजारात आणणाऱ्या सर्व उत्पादकांनी आपापल्या विक्रीच्या प्रमाणात एका सामाईक निधीत उचलावा, आणि त्या निधीतून जाळ्यात आलेले प्लॅस्टिक समुद्रात परत न टाकता किनाऱ्यावर आणणाऱ्या रापणकाराला वजनाप्रमाणे मोबदला मिळावा.