मिताहार आणि प्रायश्चित्त

देहाचा भार थोडा वाढला की मनुष्य स्वतःकडे अपराधी म्हणून पाहू लागतो, आणि अपराध म्हटला की पाठोपाठ प्रायश्चित्त आलेच. मग चातुर्मासाच्या आरंभी निर्जळी उपास, पहाटे उठून अंगातले त्राण जाईपर्यंत नमस्कार, आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोच सारे नियम खुंटीला टांगलेले, असा क्रम घरोघर दिसतो. स्थूल देह हलका करणे हे पापक्षालन आहे काय, हा प्रश्न वरकरणी वैद्यकाचा वाटला, तरी मुळात तो धर्मविचाराचा आहे.

गीतेच्या ६ व्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा या दोघांनाही योगाला सारखेच अपात्र ठरवले आहे. आणि लगेच पुढच्या श्लोकात आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही सर्व प्रमाणात असावीत, अशी अट घातली आहे. आहार आणि विहार यांचा तेथे एका दमात उच्चार झाला आहे, याचे मर्म असे की, एकाची शिक्षा दुसऱ्याला देऊन समतोल साधत नाही.

या तत्त्वाचे अत्यंत बोलके उदाहरण संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात आहे. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर, म्हणजे धान्याच्या एका मोठ्या प्राचीन मापाइतक्या, भाताचे भोजन करी. एकदा असाच आकंठ जेवून, धापा टाकीत तो बुद्धांपाशी येऊन बसला. बुद्धांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही की त्याला लंघनही सांगितले नाही. मोजके जेवणाऱ्याच्या वेदना उणावतात आणि त्याचे वार्धक्य सावकाश येते, एवढ्या आशयाची गाथा त्यांनी म्हटली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावून भोजनसमयी म्हणण्याचा हुकूम दिला, त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण नाण्यांची नेमणूक करून दिली, आणि द्रोणावरून उतरत उतरत तो नाळी या लहान मापाएवढ्या भातावर येऊन ठेपला. पुढे सडपातळ झालेल्या आपल्या अंगावरून हात फिरवीत त्याने उद्गार काढले की, भगवंतांनी माझ्यावर इहलोक व परलोक अशा दोहोंच्या हिताची अनुकंपा केली. स्वतः सहा वर्षे देहदंडन करून ते निष्फळ म्हणून टाकून देणाऱ्या पुरुषाने राजाला दंड सांगितला नाही, घास उचलण्याच्या क्षणीची सावधानता दिली.

वैद्यकाचा निर्वाळाही असाच आहे. स्थूलाने व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा असे चरक सांगतो, आणि सुश्रुत बलवानालाही अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम विहित करतो. आधुनिक शास्त्राने याला अंकांची जोड दिली. देहातील एक किलो चरबी म्हणजे अदमासे ७,७०० उष्मांकांची शिल्लक. रोजच्या जमाखर्चात सुमारे ५०० उष्मांकांची तूट ठेवली, तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरतो, आणि देह हलका होईल तसा त्याचा खर्चही घटत असल्याने पुढे हा वेग मंदावतो. मध्यम वजनाचा मनुष्य तासभर झपझप चालला, तर अडीचशे-तीनशे उष्मांक खर्ची पडतात. साबुदाण्याच्या खिचडीत आणि लाडवात मिळून पोटात गेलेले ५० ग्रॅम शेंगदाणे तेवढी भरपाई एकटेच करून टाकतात. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीत पूर्वजांनी हा हिशेब केव्हाच मांडून ठेवला होता. म्हणून निम्मी तूट ताटातून आणि निम्मी चालण्यातून काढणे, हाच वर्षानुवर्षे निभावणारा मार्ग होय. नुसत्या उपाशी राहण्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि नुसत्या व्यायामाने भूक प्रबळ होते.

व्रताचे महत्त्व यामुळे तिळमात्र उणे होत नाही. उपास ईश्वराच्या सान्निध्यासाठी करावा, वजनासाठी करू नये. वजनासाठी रोजचे ताट आणि रोजची पावले आहेत. ज्याचा देह जड झाला आहे तो पापी नव्हे, आणि ज्याचा सडसडीत आहे तो तेवढ्याने पुण्यवानही नव्हे. तेव्हा वाचकहो, देहाला शासन करू नका. वाढणाऱ्या हाताला पोट तुडुंब होण्यापूर्वीच ‘पुरे’ म्हणा, आणि जेवढे उद्याही निभेल तेवढेच आज चाला.