कपाटातली येणी

मंडळी, वारीला निघताना आपण काय काय नेतो ते जरा आठवा. देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीस आणि आळंदीहून अष्टमीस पालख्या हलतात, त्या आषाढ शुद्ध दशमीस पंढरीला पोचतात. एवढ्या वाटेला दोन धोतरे, दोन सदरे, टोपी, उपरणे, घोंगडी आणि पावसाचा कागद पुरतो. बायामंडळींना दोन-तीन लुगडी. एक अंगावर, एक धुऊन खांद्यावर वाळत, बाकी वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये. कोणाचे काही अडत नाही. आणि तोच मनुष्य घरी येऊन कपाट उघडतो, तो वरचा गठ्ठा डोक्यावर येतो! दार लावायला गुडघा टेकावा लागतो, आणि लग्नाला निघताना तक्रार चालूच की, घालायला धड काही नाही.

आता कपाट असणे हे काही पाप नव्हे. आपण संसारी माणसे. लेकीसुना आहेत, पाहुणा येतो, थंडी-पाऊस आहे. पण तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते, ते इथे लक्षात घ्यावे. कागदच ते, पण त्यांत येणे अडकलेले होते. आपल्या खणांतही अशी खते दडलेली असतात. बारीक झालो की घालू म्हणून ठेवलेला सदरा हे एक खत. मानपानात हलके आले म्हणून न नेसता दहा वर्षे ठेवलेले लुगडे हे दुसरे. त्याची घडी उलगडली की व्याहीणबाईंचा राग ताजा होतो. असले लुगडे आधी बाहेर काढावे, मग बाकीचे.

आवरायचे तर एकेक खण उचकून भागत नाही. सगळे कपडे एकदम सतरंजीवर ओतावेत. ढीग डोळ्यांनी दिसला म्हणजे निम्मे काम झाले. मागच्या वर्षभरात अंगाला लागले ते एका अंगाला. बटण तुटले, शिवण उसवली ते दुसऱ्या अंगाला, आणि ते त्याच दिवशी सुईदोरा घेऊन पुरे करावे. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. सुईला कमी लेखण्याचे आपल्याला कारण नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) तर ठिगळांचेच वस्त्र पांघरून हिंडले, आणि पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे लोकांसाठी धर्मशाळा उभारून गेले.

रेशमी कद, शालू, लोकरी शाल यांना कसर लागते. उडणारे पाखरू कपडा खात नाही, त्याची अळी खाते. आणि घामाचा, खरकट्याचा डाग असेल तिथे ती आधी तोंड घालते. म्हणून एकदा नेसलेले सोवळेसुद्धा स्वच्छ करूनच आत ठेवावे. कडुनिंबाची पाने खडखडीत वाळवून मलमलीच्या पुरचुंडीत घालावीत. डांबरगोळ्या लेकरांच्या हाती लागू देऊ नयेत. जरीच्या घड्या दोन-चार महिन्यांनी बदलाव्यात, नाहीतर घडीवर जर तुटते.

राहिले द्यायचे. इथे स्पष्ट बोलणे भाग आहे. फाटके, मळके, बटण नसलेले कोणाच्या दारात टाकून यायचे आणि त्याला वस्त्रदान म्हणायचे, हे दान नव्हे. तो आपला केर दुसऱ्याच्या घरी नेणे झाले. द्यायचे ते धुऊन, शिवून, घडी करून द्यावे, आपल्या भावाला देतो तसे. बोहारणीला कपडे देऊन पातेले घेतले तर तो व्यवहार झाला. खुशाल करावा, पण पुण्यात मांडू नये. आणि स्नानानंतर जुने वस्त्र चंद्रभागेत सोडण्याची जी रीत पडली आहे ती तर साफ मोडावी. ते वस्त्र वाहून जात नाही. वाळवंटात रुतते, कुजते, आणि मागून येणाऱ्या वारकऱ्याच्या पायात गुंतते.

अगदी विरले असेल त्याची वाकळ शिवावी. नेसून मऊ झालेल्या लुगड्याची ऊब नव्या कापडाला येत नाही.

एका माउलीने कीर्तनानंतर थांबून विचारले, "घरधनी गेले त्याला दोन वर्षे झाली. त्यांची धोतरे, सदरे ट्रंकेत आहेत. मुलगा म्हणतो देऊन टाक. हात होत नाही, महाराज. आणि गेलेल्याचा कपडा दुसऱ्याने घालू नये म्हणतात, ते खरे का?"

शेवटच्या शंकेचे आधी सांगू. धुतलेल्या, उन्हात तापवलेल्या कपड्याला काही चिकटून राहत नाही. गरजवंताने तो निःशंक घालावा. मुलालाही सांगणे आहे की, बाबा रे, ट्रंक तू उघडू नकोस. ज्या हातांनी ती धोतरे वर्षानुवर्षे धुतली त्याच हातांनी ती बाहेर निघू देत. आणखी वर्ष लागले तर लागू दे. मात्र तोवर ट्रंक भिंतीला लावून बंद ठेवू नये. पावसाळ्यात बुरशी धरली की ठेवलेलेही जाते आणि द्यायचेही जाते.

आणि माउली, सगळे द्यावे असे कोणी सांगितले? त्यांचे उपरणे ठेवा. वारीत ते खांद्यावर असे, आता तुमच्या पडशीत असू दे. एखादा सदरा उरापाशी धरून रडावेसे वाटले तर रडावे. विठोबाला त्याचे वावगे वाटत नाही. धोतरे चांगली असतील तर दिंडीत दरसाल एकच धोतर नेसून येणारा कोणी तुम्हांला ठाऊक असेलच. त्याला सगळ्यांदेखत देऊ नका, बिचारा ओशाळेल. मुक्कामाला वळकट्या उतरतात त्या गडबडीत त्याच्या वळकटीवर ठेवून द्या.