अदृष्ट की यदृच्छा?

परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला बसलेला विद्यार्थी हे उदाहरण दोन मिनिटांत उडवतो. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य ८ दिवस. आज ८० मिलिग्रॅम आहे, तर २४ दिवसांनी किती उरेल? आठ दिवसांनी ४०, सोळा दिवसांनी २०, चोविसाव्या दिवशी १०. उत्तराखाली दोन रेघा आणि पुढचं गणित. घाईत होणारी चूकही ठरलेली असते : अर्धं आठ दिवसांत गेलं, म्हणजे उरलेलं अर्धं पुढच्या आठ दिवसांत जाणार आणि सोळाव्या दिवशी खेळ खलास.

ही चूक गणितापेक्षा शब्दातून येते. ‘आयुष्य’ म्हटलं की वय आलं आणि वय म्हटलं की म्हातारपण. अणूच्या केंद्रकाला म्हातारपण नाही. आठ दिवस टिकून राहिलेलं आयोडीनचं केंद्रक आणि अणुभट्टीत आत्ताच तयार झालेलं केंद्रक, दोघांचीही पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची शक्यता निम्मीच. जरा नाही, व्याधी नाही, झीज नाही. मरण तेवढं आहे.

हे समजावताना अनेक ठिकाणी शिक्षक वर्गात फासे आणतात. शंभर फासे टाकायचे, सहाचं दान पडलेले बाजूला काढायचे, उरलेले पुन्हा टाकायचे. सरासरीने पहिल्या फेकीनंतर ८३ उरतात, दुसरीनंतर ६९, तिसरीनंतर ५८, चौथीनंतर ४८. ‘अर्धायुष्य’ चार फेकींहून थोडं कमी. आलेख दर वेळी जवळपास तसाच निघतो. पण कोणता फासा कधी बाद होणार, हे सांगायची कोणाची छाती नाही.

रदरफर्ड आणि गायगर यांनी १९१० मध्ये हेच खऱ्या द्रव्यावर पाहिलं. पोलोनियममधून निघणारे अल्फा कण पडद्यावर आदळले की बारीक चमक दिसे. साडेसात सेकंदांचा एक, असे २,६०८ कालखंड त्यांनी मोजले. एका कालखंडात सरासरी चार कणही भरत नव्हते. कधी आठ-नऊ चमका दिसत, तर ५७ वेळा एकही नाही. निव्वळ योगायोग धरून गणित मांडलं, तर असे रिकामे कालखंड ५४ यायला हवेत. बेशिस्तीलाही इतका चोख हिशेब होता.

इथे भौतिकशास्त्राचा पेपर संपतो आणि दुसरा सुरू होतो. शेजारी-शेजारी दोन केंद्रकं, रचनेत तंतोतंत सारखी. एक आज फुटतं, दुसरं महिन्याने. का? जॉर्ज गॅमोने १९२८ मध्ये दाखवलं की अल्फा कण केंद्रकाभोवतीचा ऊर्जेचा तट ओलांडत नाही, त्यातून आरपार निसटतो. त्यावरून निसटण्याचा दर काढता आला. घटका मात्र काढता आली नाही. मग त्या घटकेचं कारण आपल्याला माहीत नाही, की मुळात कारणच नाही?

कणादांच्या वैशेषिक दर्शनाला हा पेच अनोळखी नाही. त्यांना किरणोत्सर्ग ठाऊक होता असं म्हणण्यात अर्थ नाही; त्यांचा परमाणू नित्य आणि अभंग आहे, तो फुटतच नाही. पण सुई लोहचुंबकाकडे का सरकते, सृष्टीच्या आरंभी परमाणू पहिल्यांदा का हलले, यांची उत्तरं सापडेनात, तेव्हा त्यांनी ‘अदृष्ट’ मानलं. कारण दिसत नाही, पण आहे. कर्मफळाच्या हिशेबालाही पुढे हाच शब्द लागला, कारण पूर्वकर्म आणि आजचं भोगणं यांमधला दुवाही दिसत नाही.

आइन्स्टाइनचा हट्ट याच जातीचा. मॅक्स बॉर्नला १९२६ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने ईश्वर फासे खेळतो ही कल्पना झिडकारली. त्याच्या लेखी पुंज सिद्धान्तात अजून काहीतरी अदृष्ट राहून गेलं होतं. ते असेल तर कसं पकडायचं, याची कसोटी जॉन बेलने १९६४ मध्ये दिली. क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांनी ती प्रयोगात उतरवली आणि २०२२ चं नोबेल मिळवलं. निकाल आइन्स्टाइनला हवा तसा लागला नाही : प्रत्येक कणाने स्वतःजवळ जपलेलं, प्रकाशाच्या वेगाची मर्यादा पाळणारं अदृष्ट टिकत नाही. एक वाट उरते. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात सगळं पूर्वनियत आहे, पण त्यासाठी इथल्या कणाचं वागणं दूरच्या कणाशी तत्क्षणी बांधलेलं मानावं लागतं. कारण हवं असेल तर एवढी किंमत मोजायची.

मुळात कारणच नाही, हा दुसरा पर्यायही भारतीय परंपरेने नोंदवून ठेवला आहे. श्वेताश्वतर उपनिषद जगाच्या कारणांचे उमेदवार मोजताना काळ, स्वभाव आणि नियती यांच्या पंक्तीत ‘यदृच्छा’, म्हणजे निव्वळ योगायोगही बसवतं. तिला ते अंतिम मानत नाही, पण दाराबाहेरही ठेवत नाही. आणि फासे खेळणाऱ्या देवाचं इथे कोणाला वावडं? गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण द्यूताला आपल्या विभूतींत गणतो. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती अक्षक्रीडेत रंगलेले आहेत.

महाभारतातल्या नळाच्या गोष्टीत तर फाशांचा आणि मोजणीचा धडाच आहे. रथातून जाताना ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाकडे नजर टाकतो आणि दोन फांद्यांवर २,०९५ फळं असल्याचं सांगतो. सारथी झालेल्या नळाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून मोजतो आणि आकडा जुळतो. हीच विद्या फाशांनाही लागू पडते, असं राजा म्हणतो. त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. यातलं कोणतं फळ आधी गळेल, हे ऋतुपर्ण सांगत नाही आणि नळही विचारत नाही. दिवस मावळायच्या आत त्यांना विदर्भात, कुंडिनपूरला पोचायचं असतं.